तीस सेंटिमीटर बर्फ

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विषय काढला की मी माझ्या गुडघेदुखीवर बोलायला लागायचो. आता गुडघे बदलून झाले. तेव्हा सांगून टाकतो.

मी रिटायर्ड सिव्हिल इंजिनिअर, राहणार वारूळवाडी. आहुप्याच्या वाटेवरच्या एका वाडीत दोन खोल्यांचा दवाखाना बांधायचं काम माझ्याकडे होतं. पैसा नॉर्वेतल्या एका संस्थेचा, डिझाइनही तिथलंच. आधी एक ऑनलाइन फॉर्म भरायचा होता. माती, वारा, पाऊस, सगळं भरलं. शेवटचा रकाना होता हिवाळ्यात साचणाऱ्या बर्फाचा. मी शून्य टाकलं. रकाना लाल झाला. एक टाकला, तरी लाल. खाली सूचना आली: किमान तीस सेंटिमीटर. फॉर्म भरायचा तो शेवटचा दिवस होता. मी तीस टाकले. रकाना हिरवा झाला आणि मी चहा प्यायला गेलो.

दोन महिन्यांनी ड्रॉइंग आलं. छपराच्या पत्र्यावर लोखंडी हुकांच्या तीन रांगा. याला स्नो गार्ड म्हणतात. बर्फ एकदम घसरून खालच्या माणसाच्या डोक्यात पडू नये म्हणून हे हुक त्याला छपरावरच धरून ठेवतात. हुक बोटीतून आले, चांगले दणकट.

वाडीतले किसनभाऊ आमचे गवंडी. दगड, विटा, पत्रा, सगळं त्यांच्याच हातचं. एप्रिलच्या उन्हात त्यांनी एक हुक उलटासुलटा करून पाहिला.

"सायेब, ह्ये कशापायी?"

"बर्फासाठी."

त्यांनी वर आभाळाकडे पाहिलं. "कवा पडणार हाय?"

"ड्रॉइंगमध्ये आहे."

"मग ड्रॉइंगमदीच पडू द्या की! हितं वर हिरड्याचं झाड हाय. समदा पाला हुकात आडकंल, पाणी माघारी फिरंल आन् पत्र्याच्या जोडातनं आत यील. लई गळंल, सायेब."

त्यांचं बरोबर होतं. पण हुक काढायचे तर ते आलेच कसे, हेही सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "ॲज पर ड्रॉइंग करा." आमच्या धंद्यात एवढं म्हटलं की पुढचा प्रश्न बंद होतो.

हुक बसायच्या आदल्या दिवशी नॉर्वेच्या आर्किटेक्टचा व्हिडिओ कॉल आला. त्याचं नाव लार्स. वाडीत रेंज एकाच कातळावर मिळायची, म्हणून मी आणि किसनभाऊ त्यावर चढून उभे राहिलो. लार्स लोकरीच्या टोपीत होता. तो त्याचं रडगाणं सांगू लागला. तिकडे गवंडी मिळत नाहीत, सहा-सहा महिने वाट पाहावी लागते. आणि काम करणाऱ्याची सही नसेल तर छप्पर पासच होत नाही. मग त्याने विचारलं, "तुमच्या गवंड्याचं काय म्हणणं आहे?"

माझ्या साऱ्या नोकरीत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आमच्याकडे गवंडी हवे तेवढे, पण त्यांचं म्हणणं लिहायला कागदावर जागा नसते.

मी प्रश्न मराठीत सांगितला. किसनभाऊंनी सगळं समजावून सांगितलं, हातवारे करून. पाला कसा अडकेल, पाणी कसं मागे फिरेल. लार्स टक लावून त्यांचे हात पाहत होता.

मी इंग्रजीत म्हणालो, "डिझाइन फार छान आहे म्हणतोय. बर्फ कसा घसरेल ते दाखवतोय."

लार्सने अंगठा वर केला. किसनभाऊंचा चेहरा फुलला. "बघा सायेब, त्याला कळलं!"

जुलैत दवाखाना गळायला लागला. नर्सबाई एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताने इंजेक्शन देत होत्या. संस्थेने रिपोर्ट मागवला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, गवंडीकाम निकृष्ट. पुढच्या दोन वाड्यांचे दवाखाने किसनभाऊच बांधणार होते. त्यांचं नाव कटलं. लार्सचं उत्तर आलं: 'वाईट वाटलं. त्या माणसाला बर्फाची एवढी चांगली जाण होती.'

किसनभाऊंनी पदरमोड करून हुक काढले, भोकं बुजवली. गळती थांबली. पण वाडीत 'गळक्या दवाखान्याचा गवंडी' हे नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे ते ओतूरला दुसऱ्याच्या साइटवर मजूर म्हणून सिमेंटचा माल कालवायला जायचे.

यातून मी एवढंच शिकलो: रकाना शून्य घेत नसेल तर चूक रकान्याची असते, फोन करून सांगावं. संस्थेला मी गेल्या वर्षी खरं काय ते लिहून कळवलं. मग किसनभाऊंकडे निघालो. घोडेगावपासून एसटीत दोन वाक्यं घोकत होतो. 'किसनभाऊ, गळती तुमच्यामुळे झाली नाही. बर्फ मी लिहिला होता.'

त्यांच्या पडवीत भिंतीला ते हुक ओळीने ठोकलेले होते. एकावर विळा, एकावर रेनकोट, एकावर नातीचं दप्तर.

"लई कामाचं निघालं, सायेब," किसनभाऊ म्हणाले. "गंजत बी न्हाईत."

त्यांनी माझ्या हातात कप दिला. मी हुकांकडे पाहत तो रिकामा केला, घसा खाकरला आणि म्हणालो, "चहा झकास झालाय."

"गवती हाय, परसातला. आनखी घ्या."

मी आणखी घेतला.