शब्बीरच्या हातातलं चार किलोमीटरचं जहाज

शब्बीर, रागवायचं असेल तर आत्ताच रागावून घे. तू स्वतः कुणाला सांगणार नाहीस, आणि लोक आपलं तुला म्हातारपणी खेळात रमलेला समजतात. तेव्हा सगळं सांगूनच टाकलेलं बरं.

शब्बीर श्रीवर्धनचा. तेलवाहू जहाजावर बावीस वर्षं सुकाणी होता. घरी आल्यावर अंतराळात जहाजं चालवायच्या एका कॉम्प्युटर-खेळात शिरला. त्याच्या टोळीने चार किलोमीटर लांबीचं मालवाहू जहाज रचलं होतं. ते हाताला कसं लागावं, हे ठरवायचं काम शब्बीरकडे. जॉयस्टिकचा दांडा ढकलल्यावर नाक किती उशिरा वळेल, वळायला लागलं की थांबवायला उलट जोर किती लागेल, एकेक आकडा तो महिनोन्महिने घासत होता. बाकीची जहाजं पोरांनी केलेली, माशीसारखी भिरभिरणारी. हे एक तरी खरं जड व्हावं, आपल्या हातून व्हावं, एवढीच त्याची इच्छा.

रविवारी दुपारी चाचणी होती. टोळीतला, तळा गावचा चिराग फोनवर.

"चाचा, हे ऐकतच नाही हो! दांडा पाव वाट ढकलला तरी ढिम्म. मग एकदम उसळतं."

"जड जहाज असंच असतं. तू टँकर हाकलायस कधी?"

"टँकर नाही, पण आमची म्हैससुद्धा याच्याआधी वळते!" चिरागने आकडे उघडले. "डेडझोन तीस? चाचा, पाच होता ना?"

डेडझोन म्हणजे दांडा जरासा हलला तर जहाजाने तिकडे लक्ष न देण्याची मुभा. पाचाचे आठ, आठाचे पंधरा, शब्बीर वाढवतच गेला होता. जहाज जड होतंय, असं त्याला खरोखर वाटत होतं.

चिरागने पाच केला. "आता तुम्ही धरा."

शब्बीरने धरलं. एवढं अगडबंब जहाज धक्क्यापाशी थरथरायला लागलं. नाक डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. त्याने दुसरा हात मनगटावर दाबला. तरी तेच. शेवटी धक्क्याला घासलंच.

चिराग म्हणाला, "तुमच्याकडे नेट अडकतंय का, चाचा?"

"हां. नेटच असेल."

त्याची बायको तैयबा दारात सुपारी सोलत बसली होती. दोन महिने ती त्याला अर्धाच कप चहा भरून देत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने दांडा टॉवेलात गुंडाळला, खोक्यात घातला. "पत्ता तू लिही गो. माणगावच्या एस्टीत ड्रायव्हरकडे दे. चिराग तिथल्या स्टँडवर उतरवून घेईल. जहाज तोच पुरं करील आता."

"आनि तुम्ही?"

"मी बघीन."

"डॉक्टरला दाखवू या ना आधी."

"आधी हे दे."

तिने पत्ता लिहिला. खोकं पिशवीत घालून स्टँडवर गेली. ड्रायव्हर ओळखीचा. "काय द्यायचंय का, भाभी?"

पिशवी छातीशी धरून तैयबा म्हणाली, "न्हाय."

एस्टी गेली. ती घरी आली. खोकं कपाटात, ओढण्यांखाली सरकवलं. शब्बीरने विचारलं नाही, पोचलं का. चिरागचा फोन वाजला तेव्हा त्याने तो पालथा घातला.

डॉक्टरकडेही कुणी गेलं नाही.