बायोडाटा फायनल

आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. माझ्याआधीचे सगळे शहाणे होते.

बी.एस्सी. नर्सिंग झालो. (बहादरपुरात आमच्या गल्लीत अजून दुसरा कोणी झालेला नाही, हे मी सांगणारच!) शेवटच्या वर्षी कॉलेजात एक पाहुणे साहेब येऊन सांगून गेले, "नुसत्या मार्कांवर काही होत नाही. नेटवर्किंग करा! ओळखी वाढवा!" झालं. नोकरीवाल्यांच्या एका साइटवर टाय लावलेला फोटो टाकला (टाय मित्राचा, खाली लुंगी माझी) आणि दिसेल त्या डॉक्टरला, दिसेल त्या मेट्रनला ओळख वाढवायची विनंती पाठवत सुटलो. दोन महिन्यांत एकच दातांचा डॉक्टर जोडला गेला. तोही नोकरीच शोधत होता!

आणि एक दिवस इंदोरच्या मोठ्या हॉस्पिटलातल्या मेट्रन मॅडमचा मेसेज आला: "जगह है. बायोडाटा आज ही भेजिए."

मी कसला थांबतोय! मोबाइलमध्ये 'बायोडाटा फायनल' दिसला, दिला पाठवून! नोकरीचा होता 'बायोडाटा फायनल २'. पहिला माझ्या मायने लग्नासाठी टाइप करून घेतलेला: वर गणपती, खाली रास, नाडी, केळीची बाग, आणि संपर्काला आप्पांचा, म्हणजे वडिलांचा, नंबर!

तो बायोडाटा मायने आधीच सगळ्या पाहुण्यांत फिरवलेला, त्यामुळे आप्पा फोनची वाटच बघत होते. संध्याकाळी फोन वाजला तेव्हा मी कटिंगला गेलो होतो. फोन स्पीकरवर होता, पुढचं सगळं मायच्या तोंडून ऐकलेलं.

"आपके लडके का बायोडाटा मिला. हमें पसंद है."

आप्पांनी फोनवर हात ठेवला. "अवं, इंदोरची पार्टी! पोरगा पसंत आहे म्हणते!"

"नारळ काढू का?" माय.

"थांब!" मग फोनवर, "देखने को कब आना? हम सात जन आएँगे."

"सात? नहीं नहीं, अकेले लडके को भेजिए. हाथ का काम देखेंगे."

आप्पा गोंधळले. (मुलीकडचे आता मुलालाच काम करायला लावून बघतात की काय?) तरी नेटाने विचारलं, "और रहने का?"

"रहना यहीं पडेगा. खाना-पीना हमारा."

"घरजावई!" माय मटकन खाली बसली.

"एक बात साफ बोल दूँ. यहाँ अकेले को आठ-आठ संभालनी पडती हैं."

"आ... आठ?"

"लेडीज वॉर्ड है ना! और पहले तीन महीने ट्रायल. ठीक लगा तो पक्का, नहीं तो वापस."

वॉर्ड म्हणजे नगरपालिकेचा, एवढंच आप्पांना माहीत. पण ट्रायल कळली! "ट्रायल? मेरा लडका कूलर है क्या? सब कैंसल!" आणि फोन बंद.

मी भांग पाडून घरात शिरलो. "आप्पा, इंदोरहून फोन आला का?"

"आला व्हता. मोडून टाकलं! तुले समजतात काय रे ते लोक?"

"आणि पोरी आठ हायेत म्हणे!" माय डोळे पुसत म्हणाली.

दोन महिन्यांत मिळालेली एकुलती एक नोकरी, तीही वडिलांनी मोडली! त्याच नंबरला उलटा फोन लावला, माफी मागितली. तोवर मॅडमनी बायोडाटा शेवटपर्यंत वाचला होता.

"बेटा, 'अपेक्षा' में लिखा है, लडकी मनमिळाऊ आणि स्वयंपाकात हुशार पाहिजे. वो हमारे वॉर्ड में कहाँ मिलेगी?"

मागे चार-पाच जणी खिदळत होत्या. धरणी पोटात घेईना.

"सोमवार को आओ," त्या म्हणाल्या. "अकेले!"

गेलो, एकटाच. (आप्पा नारळ घेऊन बाहेर रिक्षात बसले होते, ते धरू नका.) तीन महिन्यांची ट्रायल झाली, पक्काही झालो. आणि नेटवर्किंग म्हणाल तर असं जमलंय की वॉचमनपासून सर्जनपर्यंत अख्खं हॉस्पिटल मला ओळखतं. नावानिशी!

"ए कूलर! बेड नंबर चार बघ!"