‘पूर्ण समाधानी’पुढची खूण

माझी मुलगी धुळ्याच्या बसस्टँडवर हरवली, त्या वेळी मी तिला किती छान ऐकू येतं हे लिहीत होतो.

लिहीत होतो म्हणजे फॉर्म भरत होतो. यशोधराच्या कानाच्या मशीनचे आवाज जुळवून घ्यायला आम्ही दर काही महिन्यांनी जळगावहून धुळ्याला जातो. त्या दिवशी तिथल्या दवाखान्यातल्या मॅडमनी दोन पानांचा छापील फॉर्म हातात दिला. मुलाला मशीनचा कितपत उपयोग होतो, पालक किती समाधानी आहेत, असले प्रश्न होते. मॅडम म्हणाल्या, “घरी नेऊन शांतपणे भरा, सर. पुढच्या वेळी आणा.”

पण मी मराठीचा मास्तर. कोरा पेपर दिसला की हात शिवशिवतात! (ज्याच्या स्वतःच्या पोरीला धड बोलता येत नाही, तो चाळीस पोरांचे उच्चार सुधारतो. हा विनोद माझा नाही, नशिबाचा आहे.)

यशोधरा नऊ वर्षांची आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही हे आम्हाला ती अडीच वर्षांची झाल्यावर कळलं. मान्य करायला आणखी दोन वर्षं गेली, कारण माझा धाकटा भाऊही उशिराच बोलायला लागला होता. (तो अजून थांबलेला नाही.) ऑपरेशन होऊन डोक्यात कॉक्लिअर इम्प्लांट आणि कानावर त्याचं मशीन बसलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. डॉक्टर म्हणाले, “उशीर झालाय. आता जे मिळेल ते मेहनतीने मिळेल, पण सगळं मिळेल असं सांगत नाही.” यातला ‘मेहनत’ हा एकच शब्द मी ऐकला.

आणि मेहनत सुरू केली! मॅडमनी सांगितलं होतं, “तिच्याशी भरपूर बोला.” मी त्यावर घरात कायदाच काढला : खुणा बंद. तिने माठाकडे बोट दाखवलं की मी गरजायचो, “हात खाली! तोंडाने सांग!”

“अहो, तहान लागलीय तिला,” कल्पना, माझी बायको, म्हणायची.

“लागू दे. तहानेतूनच भाषा जन्माला येते.” (हे वाक्य मी डायरीत लिहूनही ठेवलं होतं!)

‘श’साठी तर आम्ही सहा महिने घेतले. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून मी आणि ती, “श्श... श्श...” शेवटी जळगावातल्या आमच्या पिंप्राळ्याच्या शेजारीणबाई येऊन म्हणाल्या, “सर, आम्ही एवढ्या मोठ्याने बोलतो का हो? सरळ सांगा ना!”

कायदा न पाळणारा माणूस घरात एकच. आबा, माझे वडील. त्यांनी जन्मभर बांधकाम खात्याचा रोड रोलर चालवला. रोलरच्या धडधडाटात तोंडाने बोलून उपयोग नसतो, सगळा कारभार हाताने. त्यात त्यांचेही कान निम्मे गेलेले. नातीशी त्यांचं काय चालतं याकडे मी कधी लक्ष दिलं नाही. म्हाताऱ्या माणसाचा लाड म्हणून सोडून दिलं.

तर त्या दुपारी जळगावची गाडी यायला अवकाश होता. बरोबर आलेले आबा स्टँडवरच्या बाकावरून उठले. “मी जरा जाऊन येतो. पोरीवर लक्ष ठेव.”

“हो,” म्हणून मी अकराव्या प्रश्नाकडे वळलो. ‘मशीन बंद पडल्यास मूल तसे सांगते का?’

तेवढ्यात यशोधराने माझी बाही ओढली. कानाजवळ दोन बोटं नेली, मिटली आणि हात झटकला. पुन्हा तेच.

“हात खाली! तोंडाने सांग!” मी म्हणालो.

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. स्वतःचं तोंड उघडलं, मिटलं आणि हात खाली केले. मी लिहिलं, ‘होय. मूल स्पष्ट शब्दांत सांगते.’

बारावा प्रश्न : ‘गर्दीत हाक मारल्यास मूल वळून पाहते का?’ मी लिहिलं, ‘तत्काळ.’ त्याखाली ‘पूर्ण समाधानी’पुढे बरोबरची खूण केली. मग मास्तराच्या सवयीने उत्तर पडताळून पाहावं म्हणून मान वर केली आणि हाक मारली, “यशू!”

बाकावर शेजारी फक्त पाण्याची बाटली होती.

मी पहिल्या फलाटापासून शेवटच्या फलाटापर्यंत धावलो. “यशू! यशोधरा!” सगळं स्टँड वळून पाहत होतं. ती सोडून सगळ्यांना ऐकू येत होतं! एक बस शिट्टीच्या तालावर मागे येत होती. ही शिट्टी तिला ऐकू येणार नाही, हे माझ्या लक्षात आलं. मी ड्रायव्हरला हात करून बस थांबवली आणि वाकून चाकांखाली पाहिलं. तिथे काही नव्हतं. मग पुढच्या बसखाली पाहिलं. मग तिच्या पुढच्या.

चौकशीच्या खिडकीवरचा माणूस भला होता. त्याने लगेच माईक ओढला. “कुमारी यशोधरा, जिथे असशील तिथून चौकशी खिडकीकडे ये. तुझे वडील वाट पाहत आहेत.” मग मला विचारलं, “लहान आहे का? घाबरली तर नसेल?”

“नऊ वर्षांची. तिला ऐकू येत नाही.”

त्याने माईक खाली ठेवला.

“म्हणजे मशीन लावलं की येतं,” मी म्हणालो.

“मग लावलंय ना?”

“लावलंय... पण चालू आहे की नाही...”

“सर, मग मी बोलावतोय कोणाला?”

“तुम्ही तरी पुन्हा एकदा बोला,” मी म्हणालो. आणि तो बिचारा पुन्हा बोलला!

आबा आले तेव्हा माझ्या कपड्यांना गुडघ्यापासून खांद्यापर्यंत काळं ऑइल लागलेलं. “काय व्हयनं? पोर कथी गयी?”

“इथेच होती, आबा. काहीतरी हात करत होती...”

“कसा हात?”

मी दोन बोटं कानाजवळ नेली, मिटली, हात झटकला.

“आरे, ती तुले सांगी राहिंती! मशीन बंद पडनं, सेल सरना! तुले दिसनं नही?”

नवा सेल माझ्याच पिशवीत होता. फॉर्मच्या खाली.

कल्पनाचा फोन आला. “कुठवर आलात?”

“पारोळा,” मी म्हणालो.

“गाडीत एवढा घोषणांचा आवाज?”

मी फोन कट केला. लग्नानंतरच्या बारा वर्षांत मी पहिल्यांदाच कट केला, तेव्हा तिला काय ते कळलं असणार. ती पुन्हा पुन्हा फोन करत राहिली आणि मी उचलत नव्हतो. पाऊण तास. त्या पाऊण तासात मी फॉर्मची घडी केली, उघडली, पुन्हा केली. आबा फाटकाशी उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताने तिची उंची दाखवत होते.

मग खिडकीतल्या माणसाने मला हाक मारली. “सर, शिरपूरच्या गाडीत एक पोरगी मिळालीय. कंडक्टरने सोनगीरला उतरवून ठेवलीय. पण नाव काही जुळत नाही. काय विचारलं तरी एकच म्हणते, ‘शोधा’.”

“तीच!” मी ओरडलो. “यशोधरा! तिला ‘य’ आणि ‘र’ जमत नाहीत!”

“असं होय! कंडक्टर म्हणाला, आम्हाला वाटलं पोरीचं काहीतरी पडलं. अख्खी गाडी सिटांखाली वाकून शोधत होती!”

आणि मग मी जे विचारलं, ते सांगायला आजही लाज वाटते. मी विचारलं, “‘श’ स्पष्ट म्हणाली का?”

त्या माणसाने खिडकीतून माझ्याकडे असं पाहिलं, की माझ्या नोकरीत कुठल्याच साहेबाने कधी पाहिलं नाही.

सोनगीरला ती एका खुर्चीवर बसली होती. रडत नव्हती. मशीन काढून मुठीत घट्ट धरलेलं. कोणीतरी दिलेला बिस्किटपुडा न फोडता मांडीवर. मी समोर जाऊन उभा राहिलो. तिने मला पाहिलं आणि पटकन दोन्ही हात पाठीमागे लपवले.

एवढंच. तिने मला मारलं असतं तरी चाललं असतं.

मग तिला माझ्यामागून येणारे आबा दिसले. ती सुटली, त्यांच्या पोटाला धडकली आणि तिचे हात सुरू झाले. थांबेचनात! आबा मान डोलावत होते, मधेच विचारत होते, ती पुन्हा सांगत होती. अशी भडाभडा बोलणारी मुलगी मी चार वर्षांत पाहिली नव्हती. बसमध्ये चढणारा एक माणूस पाठमोरा आबांसारखा दिसला, तीच पांढरी टोपी, तोच खांद्यावरचा रुमाल, म्हणून ती मागोमाग चढली होती. पप्पांना तिचा हात कळला नव्हता, आबांना तरी कळला असता. हे मला आबांनी सांगितलं. माझ्याच मुलीचं बोलणं मी दुभाष्याकडून ऐकलं.

परतीच्या गाडीत, नवा सेल घातल्यावर, मी कल्पनाला फोन लावला. खरं ते सगळं सांगितलं आणि शेवटी माझ्याच्याने राहवलं नाही. “पण एक आहे हं. नाव सांगितलं तिने! अनोळखी माणसाला! ‘श’सकट!”

“आधी घरी या,” कल्पना म्हणाली.

घरी आल्यावर तिने यशोधराला कितीतरी वेळ जवळ धरून ठेवलं. मग समोर बसवलं आणि माझ्यादेखत, तोंडाने आणि हातांनी, दोन्हींनी विचारलं, “तू कंडक्टरकाकांना तुझं नाव सांगितलंस?”

(कल्पनालाही खुणा येत होत्या! घरात कायदा पाळणारा मी एकटाच होतो तर.)

यशोधराने मान हलवली. “नाव नाई,” ती म्हणाली. मग सावकाश, एकेक अक्षर जुळवत, “पप्पा... शोधा.”

आणि कंडक्टरला केलेलं वर्णन तिने आम्हाला करून दाखवलं. तळहात डोक्यावरून गुळगुळीत फिरवला : टक्कल. बोटांची दोन वर्तुळं डोळ्यांवर : चष्मा. मग मान खाली घालून तळहातावर बोटाने लिहीत राहिली, लिहीत राहिली, वर बघेचना.

म्हणजे त्या दुपारी माणूस हरवल्याची तक्रार आम्ही दोघांनीही केली होती. माझ्या तक्रारीतली मुलगी पाऊण तासात मिळाली. तिच्या तक्रारीतला माणूस, कल्पनाच्या मते, अजून सापडायचा आहे.