सिगारवर घरमालकांचा शेरा

हातानं वळलेल्या उंची सिगारबद्दल अधिकारवाणीनं बोलू शकेल असा माणूस सबंध हिंदुस्थानात एकच झाला आणि तो कोल्हापुरात, राजारामपुरीत, आमचा घरमालक होता. हे माझं ठाम मत आहे आणि समोरचा चहा पाजणार असेल तर त्यावर मी तासभर वाद घालायला तयार आहे. या माणसानं क्यूबा नकाशात कुठं आहे ते कधी पाहिलं नव्हतं. 'सिगार' हा शब्दही त्यांना मान्य नव्हता. ते चिरूट म्हणत, आणि फार प्रेमात आले तर 'मोठी विडी'. पण एकदा का ती मोठी विडी नाकाखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली की ते डोळे मिटून तिची जन्मकुंडली सांगायला लागत. पान कुठल्या रंगाच्या मातीतलं, तोडणी घाईनं झाली की सवडीनं, वाळवताना मध्येच पाऊस आला होता की नाही, सगळं. खरंखोटं करायला क्यूबाला कोण जाणार होतं म्हणा, पण ते इतक्या खात्रीनं सांगत की क्यूबावाल्यांनीच आपली वही काढून तपासून घ्यावी असं वाटे.

नाकाचं हे शिक्षण झालं निपाणीकडच्या एका तंबाखूच्या वखारीत. मालक मूळचे गडहिंग्लजकडचे शेतकरी घराण्यातले, पण तीस-पस्तीस वर्षं त्यांनी वखारीत तंबाखूची प्रत ठरवायचं काम केलं. शेतकऱ्यानं पोतं सोडायचं, यांनी मूठभर जर्दा नाकाशी धरायचा आणि शेरा मारायचा. शेरे तीनच. उत्तम मालाला 'बरा हाय', मध्यम मालाला 'चालंल' आणि उरलेल्याला 'खतात घाला'. 'बरा हाय'च्या वर शेरा नव्हता, आणि तोही त्यांनी इतका जपून वापरला की ज्यांना मिळाला ते शेतकरी मुलाच्या लग्नाच्या बोलणीत तो सांगत. एकदा सख्ख्या भावाच्या पोत्यांना त्यांनी 'खतात घाला' म्हणून सांगितलं. भाऊ दोन वर्षं बोलला नाही. मी विचारलं, "आबा, थोडं इकडंतिकडं करायचं की, भाऊच तर होता." तर म्हणाले, "भाऊ चांगला हाय की, मास्तर. माल वंगाळ हुता."

मी मास्तर, म्हणजे इथल्या हायस्कुलात मराठी शिकवायला नाशिककडून आलेला माणूस. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायला आलो तेव्हा आबा निवृत्त झाले होते, पण शेरे निवृत्त झाले नव्हते. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, आमटीला रोज 'चालंल' मिळे. समोरच्या बिऱ्हाडातला मुलगा पेटी वाजवी, त्याला खिडकीतून 'खतात' मिळे. माझ्या बायकोला पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्या चहाबद्दल 'बरा हाय' म्हटलं. ती बिचारी तोंड पाडून वर आली. मग काकू मागोमाग जिना चढून आल्या आणि म्हणाल्या, "अगं, रडतीस काय? मला बत्तीस वर्सांत येकदा मिळालाय त्यो."

या कुटुंबात एकच माणूस असा होता ज्याला आबांनी कुठलाच शेरा दिला नव्हता, आणि तो म्हणजे त्यांचा जावई. एकुलती एक मुलगी वारणानगरला शिकायला होती, तिथंच तिला तो भेटला. बौद्ध कुटुंबातला, वडील कारखान्यात फिटर, पोरगा हुशार, पुढं व्यापारी जहाजावर इंजिनियर झाला. दोघांनी कोर्टात लग्न केलं आणि मुलगी वारणानगरलाच शाळेत शिकवू लागली. आबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. "मला इचारलं न्हाय," एवढं एकच कारण ते देत. जातीचं कारण त्यांनी कधी उच्चारलं नाही. ते भाऊबंद येऊन उच्चारत, आणि हे गप्प बसत. ते गप्प बसणंही काही कमी नव्हतं, हे मी तेव्हा त्यांना सांगायला हवं होतं. पण मी भाडेकरू होतो, आणि राजारामपुरीत नळाला पाणी असलेली खोली मिळणं कठीण होतं. काकूंनी मात्र आपला मार्ग काढला. कोल्हापुरात गुडघ्याचे डॉक्टर पैशाला पासरी असताना त्या महिन्यातून एकदा गुडघ्याच्या औषधाला वारणानगरला जात. आबा त्यांना एसटी स्टँडवर सोडायला जात, पिशवीत चिवड्याचा डबा कशाला आहे ते विचारत नसत, आणि संध्याकाळी त्या परत आल्या की फक्त म्हणत, "गुडगा कसा हाय?" काकू म्हणत, "बरा हाय. जरा वाळलाय."

मग एक दिवस पोस्टानं मुंबईहून लाकडी पेटी आली. जहाज कुठल्याशा बंदराला लागलं होतं, जावयानं तिथं सिगारी घेतल्या आणि सुट्टीवर निघालेल्या सोबत्याबरोबर मुंबईपर्यंत पाठवल्या. आत चिठ्ठी होती : 'आबांना तंबाखूतलं कळतं. हा माल कसा आहे ते कळवावं.' आबा म्हणाले, पेटी परत करा. ती टेबलावर तीन दिवस तशीच राहिली. आबा तिच्या भोवतीनं वर्तमानपत्र शोधत, चष्मा शोधत, एकदा तर डोळ्यावरचा चष्मा शोधत होते. चौथ्या दिवशी मला हाक मारली. "मास्तर, परत करायची तर आत काय हाय ते बगाय नगो? उद्या पोस्टवाल्यानं इचारलं म्हंजे?"

सिगारचं तोंड कापून घ्यावं लागतं हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. दहा मिनिटं ते बंद तोंडानं ओढत होते आणि गालफडं आत जाऊन त्यांचा चेहरा ओळखू येईना. मग काकूंनी सुपारीचा अडकित्ता आणून टोक कच्चकन उडवलं. त्या दिवसापासून आमच्याकडं सिगार अडकित्त्यानंच कापली जाई, आणि परदेशात त्यासाठी वेगळं हत्यार मिळतं हे ऐकल्यावर आबांना त्या लोकांची कीव आली होती. धूर निघाला. आबांनी डोळे मिटले आणि मग म्हणाले, "कागद घ्या." मी लिहिलं, 'सुगंध मनोहारी आहे.' त्यांनी वाचायला लावलं. "मनोहारी? ती कोन? खोडा. मी सांगतो तसं लिवा. चिरूट बरा हाय." मी चपापलो. बरा! पहिल्याच फटक्यात! काकूंनीही भाजी चिरता चिरता मान वर केली. आबा खिडकीबाहेर बघत होते.

असा पत्रव्यवहार सुरू झाला. चार-सहा महिन्यांनी पेटी यायची, आबा जिन्याखालून "मास्तर, कागद" म्हणून ओरडायचे आणि मी सांगितल्याप्रमाणं परीक्षण लिहायचो. ते पाकीट जहाज कंपनीच्या मुंबईच्या कचेरीमार्फत कुठल्या कुठल्या बंदराला जाई. लेक तासाभराच्या एसटीवर राहत होती आणि तिच्या घरची खुशाली यांना पृथ्वीप्रदक्षिणा करून कळत होती. कारण जावई उत्तरात सिगारबरोबर हळूच दोन ओळी घरच्याही लिहायचा. आबा तेवढ्या दोन ओळी मला पुन्हा वाचायला लावायचे. "अक्षर लागलं न्हाय नीट," म्हणायचे. वाचत मी होतो.

परीक्षणं मात्र कडक असत. दुसरी पेटी हाताला दमट लागली तेव्हा आबा हादरलेच. माल बोटीवर सादळला, या निदानावर त्यांनी सगळ्या सिगारी भर मे महिन्यात गच्चीवर वाळत घातल्या, काकूंच्या चटणीच्या मिरच्यांशेजारी, त्याच साडीवर. आठ दिवसांनी त्या अशा खडखडीत झाल्या की पहिली हातात घेताच तिचा भुगा झाला. दुसरी पेटली. पहिल्या झुरक्याला आबा ठसकले, दुसऱ्याला मी, तिसऱ्याला समोरच्या पोराची पेटी वाजायची थांबली. परीक्षणात त्यांनी सांगितलं : 'माल ओला पाठवला होता, इथं दुरुस्त केला. आता छातीला लागतो. चालंल.' जावयानं उलट टपाली नम्रपणे लिहिलं की सिगार ओलसरच ठेवायची असते. आबांनी मला उत्तर सांगितलं : 'तंबाखू ओली ठेवणारा मनुष्य आमच्या वखारीत दुसऱ्या दिवशी कामाला दिसला नसता.'

काकूंचं परीक्षण वेगळंच होतं. त्यांनी माहेरी, निपाणीला, कळायला लागल्यापासून लग्नापर्यंत विड्या वळल्या होत्या. आबांना वास कळे, काकूंना हात कळे. त्या सिगार बोटांत फिरवून सांगत, "ही वळणारी बाई निवांत हाय. ही दुसरी मातूर घाईत हुती बगा, डाव्या अंगाला सैल पडलीय. घरात कोन तरी आजारी असंल." आबा हे मुकाट्यानं लिहून घ्यायला लावत. एकदा काकूंना राहवेना. आबा बाजारात गेलेले बघून त्यांनी एक अख्खी सिगार उलगडली, पानं मांडीवर पसरली, शिकल्या त्यातलं थोडं, न शिकल्या त्यातलं थोडं असं करून परत वळली आणि शेवटाला सवयीनं लाल दोरा बांधला. मग घाबरून दोरा काढून टाकला आणि ती पेटीत सारली. आठवड्याभरानं आबांच्या हाताला नेमकी तीच लागली. त्यांनी ती शेवटपर्यंत ओढली आणि मला लिहायला सांगितलं : 'या पेटीतला एक चिरूट सगळ्यांत सरस. ज्या बाईनं वळला तिचा पगार वाढवावा.' काकू पदरात तोंड खुपसून आत पळाल्या. मी तसंच लिहिलं, आणि खाली बारीक अक्षरात खरी हकिकतही लिहिली.

मग काकूंचा गुडघा एकाएकी फारच बिघडला. महिन्याची वारणानगरची फेरी आठवड्यावर आली, पिशवीत चिवड्याऐवजी डिंकाचे लाडू आणि जुन्या धोतरांच्या मऊ लंगोट्या जाऊ लागल्या. धोतरं आबांची होती. ट्रंकेत ती सापडेनात म्हणून त्यांनी कधी आरडाओरड केली नाही. आणि एक पत्र आलं, त्यात या वेळी सिगारबद्दल काहीच नव्हतं : 'मुलगी चार महिन्यांची झाली. पुढच्या महिन्यात सुट्टीवर येतोय. पेटी मी स्वतः घेऊन येऊ का?'

मी वाचून दाखवलं. आबा उठून गेले. त्या दिवशी कागद मागितला नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठवडाभर नाही. काकू माझ्याकडं बघायच्या, मी काकूंकडं. सुट्टी सुरू व्हायला पंधरा दिवस उरले होते आणि पत्र मुंबईला पोचायलाच चार दिवस लागत. शेवटी काकूंनी आमटीत मीठ घालायचं सोडलं. दोन दिवस आबांनी ती तशीच खाल्ली, तिसऱ्या दिवशी जिन्याखालून हाक आली.

"लिवा. पेटी पोस्टानं पाठवू नये. पोस्टात माल आपटतो. हातानं आणावी."

मी लिहिलं. ते येरझारा घालत होते.

"आणणाऱ्यानं एकट्यानं येऊ नये. पेटी जड असती."

पेटी जेमतेम अर्ध्या किलोची. मी तेही लिहिलं.

"आनि गाडीत खिडकीशी बसू नये. कानाला वारं लागतंय. टोपडं घालून आणावं."

"पेटीला?" मी विचारलं. मला राहवलंच नाही.

"मास्तर, हाय तसं लिवा की," आबा म्हणाले आणि पाठ फिरवून उभे राहिले.

ते आले तो रविवार होता. आबा सकाळपासून इस्त्रीचा सदरा घालून दारात खुर्ची टाकून कालचं वर्तमानपत्र वाचत होते. रिक्षा थांबली मात्र, ते ताडकन उठून परसात पाण्याची मोटर बघायला गेले. काकूंनी तिघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, सगळे आत येऊन बसले, तरी मोटरचं काम संपेना. शेवटी ओले हात पुसत आले, मुलीकडं बघून म्हणाले, "वाळलीस," आणि खाली बसले. चार वर्षांनी बाप लेकीशी बोलला तो हा एक शब्द. मुलीनं बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते असं धरलं की जणू त्याला हात लावायची परवानगी अजून यायची होती.

जावई उंच, लाजाळू, हातातली पेटी कुठं ठेवावी ते न कळून तशीच धरून बसला होता. थोड्या वेळानं तो म्हणाला, "आबा, एक खरं सांगायचं होतं. मी आयुष्यात सिगार ओढली न्हाई. मला त्यातलं काहीच कळत न्हाई. तुमचं पत्र यावं म्हणून पाठवत होतो."

"ठावं हाय," आबा म्हणाले. "वढणाऱ्यानं असला माल घेतला नसता. तुजी पयली पेटी तर निव्वळ खतात घालायची हुती."

"अहो आबा," मी मध्येच म्हणालो, "तुम्ही तर 'बरा हाय' लिहायला लावलंत!"

"मग काय करतो, मास्तर? खतात लिवलं असतं तर दुसरी पेटी आली असती व्हय?"

लेकीनं पदर डोळ्यांना लावला. काकू चहा ठेवायला म्हणून आत गेल्या आणि आतून भांड्याचा आवाज काही येईना. मला एकदम भरून आलं, म्हणून मी बाहेर जाऊन उभ्या असलेल्या रिक्षावाल्याला, काही गरज नसताना, गंगावेशीचे किती घेणार ते विचारू लागलो.

त्यानंतर सगळं चांगलंच झालं. फोन आला, दर रविवारी वारणानगरहून घंटी वाजू लागली, दिवाळीला, उन्हाळ्याला नात येऊन राहू लागली. नातीला धूर सोसत नाही म्हणून काकूंनी अडकित्ता सुपारीला परत घेतला आणि आबांनी एका शब्दानं तक्रार केली नाही. जे बोलायचं ते आता समोरासमोर बोलता येत होतं, तेव्हा परीक्षणांची गरज उरली नाही. ही आनंदाचीच गोष्ट, मी कुणालाही तसंच सांगतो. पण खरं सांगायचं तर मला चुकल्याचुकल्यासारखं होई. शाळेतून आलो की जिन्यात दोन पायऱ्या जास्तच थांबायचो.

माझी बदली झाली, सामान बांधून झालं, त्या शेवटच्या संध्याकाळी खालून आबांची हाक आली, "मास्तर!" मी बांधलेल्या खोक्यातून घाईघाईनं कागद उपसला, पेन शोधलं आणि खाली पळालो. आबा कट्ट्यावर एकटेच बसले होते. हातात काही नव्हतं.

"कागद कशाला आनलासा?" ते शेजारची जागा हातानं झाडत म्हणाले. "बसा की नुसतं."