धायरीतला गालिचा

गालिचेबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी खाली वाकायच्या. घरच्या माणसांना वाटायचं, बाई देवाला नमस्कार करताहेत. प्रत्यक्षात त्या जमिनीवरच्या गालिच्याचा कोपरा उचलून त्याची पाठ बघत असायच्या. चष्मा कपाळावर चढवलेला आणि बोटाच्या पेराने एकेक गाठ चाचपणं चाललेलं. घरची बाई पाण्याचा पेला घेऊन तशीच ताटकळत उभी. "यंत्राचा आहे," एवढंच बोलून त्या कोपरा खाली सोडायच्या आणि मग पाणी प्यायच्या. त्यानंतर त्या घरातली माणसं बराच वेळ आपल्याच गालिच्याकडे संशयाने बघत राहायची.

आम्ही दोघी खडकीच्या एका शाळेत शिकवत होतो. मी भूगोल, त्या चित्रकला. बाई मूळच्या नागपूरच्या. यजमानांना इथल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून पुण्यात आल्या. यजमान लवकर गेले आणि बाई व त्यांची मुलगी नीता अशा दोघीच भाड्याच्या खोल्यांत राहिल्या. जुन्या गालिच्यांचा नाद त्यांना कॅम्पातल्या लिलावांनी लावला. तेव्हा तिथले बंगले एकामागून एक बिल्डरांकडे जात होते आणि त्या घरांतलं सामान अंगणात मांडून विकलं जायचं. कपाटं, झुंबरं, चिनी मातीची भांडी आणि एका कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेले गालिचे. दुसरीकडे कंपनीची गळ्यातली ओळखपत्रं मिरवणाऱ्या पोरांचे फ्लॅट धडाधड उभे राहत होते. या पोरांना घरात काहीतरी जुनं हवं असायचं, पण ते कसं निवडायचं हे ठाऊक नसायचं. बाईंचं नाव एका घरातून दुसऱ्या घरात गेलं आणि त्या गालिचेबाई झाल्या त्या अशा.

गालिचा बघण्याआधी त्या घर बघायच्या. ऊन कुठल्या खिडकीतून येतं, चपला कुठे काढता, जेवायला खाली बसता का, मूल रांगतं आहे का, असे प्रश्न विचारायच्या आणि चक्क फरशीवर मांडी घालून बसायच्या. एकदा एका जोडप्याने सांगितलं, की सोफ्याच्या रंगाला अगदी मॅचिंग हवा. बाई म्हणाल्या, "मग सोफ्याच्या कापडातलं काही उरलंय का? तेच अंथरा. मला कशाला बोलावलंत?" माझी त्यांच्याबरोबर जाऊन फार पंचाईत व्हायची. पण लोक रागवायचे नाहीत. उलट चहा ठेवायचे.

दुकानदारांची मात्र त्या अजिबात गय करायच्या नाहीत. एकाने शंभर वर्षांचा म्हणून एक गालिचा पसरला. बाईंनी त्याच्या कडेची झालर उलटून पाहिली. हाताने विणलेल्या गालिच्याची झालर म्हणजे त्याच्या अंगातलेच धागे पुढे आलेले असतात, ही मागाहून शिवलेली होती. "पणजोबांना दुधाचे दात आलेत वाटतं," त्या म्हणाल्या. कोरा करकरीत गालिचा त्यांना आवडायचा नाही. झिजलेला, एखाद्या ठिकाणी रफू केलेला, मधेच तांबड्याची छटा बदललेला आवडायचा. "इथे त्याची लोकर संपली आणि त्याने दुसरी रंगवून घेतली. म्हणजे विणणारा माणूस होता," असं त्या अगदी खुशीत सांगायच्या.

आणि त्यांचा एक नियम होता. गालिचा पायाखाली ठेवायचा. माझ्यासाठी त्यांनी एक छोटासा निवडून दिला होता. मी तो पाहुण्यांसाठी म्हणून प्लास्टिकात गुंडाळून पलंगाखाली ठेवला. एका रविवारी बाई अचानक आल्या, त्यांनी वाकून पलंगाखाली पाहिलं आणि माझी खरडपट्टी काढली. "पवारबाई, हा काय मुरांबा आहे का? लोकर खाणाऱ्या कसरीला अंधार लागतो आणि शांतता लागते. दोन्ही तुम्ही पुरवलंत. घरातल्या माणसांचे पाय, हेच याचं औषध." त्या दिवसापासून तो माझ्या बाहेरच्या खोलीत आहे.

नीता हुशार निघाली. कॉम्प्युटरची पदवी, लगेच नोकरी आणि धायरीला फ्लॅट. ताबा मिळाला त्याच सुमारास कंपनीने तिला अमेरिकेला पाठवलं, दोनेक वर्षांसाठी. ती परत येईपर्यंत घर लावून ठेवायचं काम बाईंनी अंगावर घेतलं. कॅम्पातल्या एका लिलावात त्यांना मोठा तांबडा गालिचा मिळाला. येरवड्याच्या तुरुंगात कैद्यांनी फार पूर्वी विणलेला आहे, असं त्या सांगायच्या. मी इतकी वर्षं त्यांना गालिचे निवडताना पाहिलं, पण एकच कोपरा तीनतीनदा उचलून बघताना त्या दिवशी पाहिलं. "हा माझ्या नीतूचा," त्या म्हणाल्या. "तिला आत्ताच सांगायचं नाही, आल्यावर एकदम बघू दे." स्वतःच्या खोलीत त्यांनी साधं जाजमसुद्धा घातलं नव्हतं.

त्यानंतर दर रविवारी बाई दोन बस बदलून खडकीहून धायरीला जायच्या. खिडक्या उघडायच्या, चपला दाराबाहेर काढायच्या आणि अनवाणी त्या गालिच्यावर येरझाऱ्या घालायच्या. मी सोबत गेले की मलाही चालायला लावायच्या. "चला, पाय लागू द्या त्याला." रिकाम्या घरात आम्ही दोन म्हाताऱ्या इकडून तिकडे फिरत असायचो, मधे बसून थर्मासमधला चहा प्यायचो. नीताचं येणं दिवाळीवरून मेवर जायचं आणि मेवरून पुन्हा दिवाळीवर. बाई म्हणायच्या, "प्रोजेक्ट आहे हो तिचं." काही वर्षांनी तर मी विचारणंच सोडून दिलं.

मग त्यांचे गुडघे गेले. आधी महिन्यातून एक फेरी राहिली, पुढे तीही बंद पडली. मी म्हटलं, एखादं चांगलं कुटुंब भाडेकरू ठेवा, घर वापरात राहील, गालिचाही. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर बाईंनी स्वतःच हा सल्ला दिला असता. पण त्या माझ्यावर उखडल्या. "परक्यांचे पाय? नीतूच्या गालिच्यावर?" किल्ली त्यांनी कंबरेला लावली ती लावलीच. निदान मला तरी जाऊ द्या, म्हटलं, तर म्हणाल्या, "आता ती येणारच आहे. तीच उघडेल." मला त्यांचा राग आला होता आणि आजही येतो. सगळ्या गावाला शहाणं करणारी बाई स्वतःच्या बाबतीत इतकी आंधळी कशी झाली?

शेवटी एकदा नीताचा फोन आला. तिने तिकडेच घर घेतलं होतं. बाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज अगदी सपाट होता. मग म्हणाल्या, "पण गालिचा तूच निवडून पाठव म्हणाली. दुसऱ्या कुणाचा नको म्हणे." आणि चेहरा एकदम उजळला. "इथे नाही तर नाही. तिच्या पायाखाली तर जाईल."

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षा करून धायरीला गेलो. कुलूप गंजलं होतं, वॉचमनने तेल घालून उघडून दिलं. आत अंधार आणि कुबट वास. मी खिडकी उघडली. उजेडात तांबडा गालिचा होता तसाच दिसला आणि मला हायसं वाटलं. बाई भिंतीला धरून कशाबशा खाली वाकल्या आणि सवयीप्रमाणे त्यांनी कोपरा उचलला. त्यांच्या हातात नुसते सुती धागे आले. लोकर खालीच राहिली, भुसा सांडावा तशी. मी दुसरं टोक उचललं, तिथेही तेच. पाठीवर सगळीकडे कसरीची पांढरी जाळी होती. बाई फरशीवर बसल्या. हातातले धागे एकमेकांपासून सोडवत राहिल्या. पुण्यात इतकी वर्षं काढलेली ती बाई नागपूरच्या बोलीत म्हणाली, "मले काही समजूनच नाही राहिलं." मला त्या क्षणी रडू आवरलं नाही. त्या मात्र रडल्या नाहीत.

परत येताना रिक्षात त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. "नीतूला कळता कामा नये. तिकडे एकटी रडत बसेल." फोनवर त्या लेकीला सांगत राहिल्या, की शोधतेय, मनासारखा मिळत नाही. पण नंतर त्या एकाही लिलावाला गेल्या नाहीत. लोक बोलवायला यायचे तर दारातूनच नको म्हणायच्या. पुढच्या वर्षी त्या गेल्या. आजार असा काही नव्हता. जेवण कमी होत गेलं, बोलणं कमी होत गेलं. नीता येण्याआधी धायरीचं घर मीच झाडून घेतलं. तो गालिचा मला गोण्यांत भरून टाकावा लागला.

नीता आली, दिवसकार्य झालं, फ्लॅट विकायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे भेटायला आली. आत आली आणि बाहेरच्या खोलीत वाकून तिने माझ्या गालिच्याचा कोपरा उचलला. पेराने गाठी चाचपल्या. "हाताचा आहे," म्हणाली.

"तुझ्या आईनेच निवडलेला," मी म्हटलं. "घेऊन जा तू. तिकडे अंथर."

"नको हो मावशी." ती त्यावर बसली आणि तळहात फिरवत राहिली. "खरं सांगू का? आमच्याकडे भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट ठोकलेलंच आहे. वरून गालिचा टाकायची सोयच नाही. मी कायमची तिकडे राहणार हे ऐकून आई खचेल, तिला वाटावं की माझं तिच्यावाचून अजून अडतंय, म्हणून मागितला होता. बरं झालं, तिला मिळाला नाही ते."

मी "हो" म्हटलं आणि तिच्यासाठी पाणी आणायला आत गेले. पेला भरून वाहायला लागला तरी माझ्याच्याने नळ बंद होईना.