सात वह्यांचे भालेराव सर

भालेराव सरांना त्यांच्या गाईडने फसवलं. सरांनी तीन वर्षं भिवंडीच्या शेडमध्ये उभं राहून केलेलं काम त्या माणसाने स्वतःच्या नावावर छापलं आणि सरांची पीएच.डी. बुडाली. हे पहिल्यालाच सांगतो, कारण मी धंद्यातला माणूस आहे. भाव आधी, गप्पा नंतर. गाईडचं नाव मात्र लिहिणार नाही. सरांनी तसा शब्द घेतलाय, आणि मी तो पाळतोय, रागाने का होईना.

सर मला भेटले ते भांडणातच. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मोटार वाइंडिंगच्या दुकानात हात काळे करून मी शिकलो आणि भिवंडीत टेमघरला स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं. तिथे मी एक पेटी बनवायचो. यंत्रमागावर धागा तुटला की पेटी माग थांबवायची. मग कारागिराने तुटकी टोकं पकडून आधी लाल बटण दाबायचं, धागा जोडायचा, नंतर हिरवं दाबायचं, की माग पुन्हा चालू. इतकं सोपं. तरी पेट्या परत यायच्या. शेठ लोक म्हणायचे, "तेरा डिब्बा बेकार है." मी म्हणायचो, तुमचे कारागीर बेकार आहेत. त्या दिवशी अशाच एका कारागिराला मी दुकानाच्या पायरीवर उभं करून झापत होतो. शेजारी एक किडकिडीत माणूस, खांद्याला कापडी पिशवी, हात पाठीमागे बांधून गुमान बघत होता.

"ते चुकले नाहीत," तो म्हणाला.

"तुम्ही कोण?"

"मी इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो."

"मग तिकडे शिकवा ना."

तो हसला आणि गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. माझीच पेटी माझ्यापुढे ठेवली, एक तुटका धागा माझ्या हातात दिला. "दादा, दोन्ही टोकं दोन्ही हातांच्या चिमटीत धरा. सोडायची नाहीत. आता लाल दाबा." मी करंगळीने प्रयत्न केला, मग मनगटाने. लालच्या जागी हिरवं दाबलं गेलं. टोक निसटलं. आठ वेळा केलं, आठ वेळा चुकलो. तो हात पाठीमागे बांधून उभा. शेवटी मी वैतागून म्हणालो, "अहो, सांगा ना कसं करायचं!" तो म्हणाला, "मी सांगितलं तर मग कळणार कसं?" आणि वहीत लिहिलं : क्रमांक एक. तो क्रमांक एक मी.

हा माणूस कुठेही हात मागे बांधून उभा राहायचा. गावात एटीएम नवीन आलं तेव्हा एक म्हातारा आत अडकला होता; रांगेतले लोक ओरडत होते, "चाचा, निकलो ना!" सर काचेजवळ उभे राहून बघत होते. मी म्हटलं, मदत तरी करा. म्हणाले, "हात सुटतात माझे, म्हणून तर बांधतो." म्हातारा बाहेर आल्यावर त्याला शेजारच्या हॉटेलात नेऊन चहा पाजला आणि अर्धा तास विचारत बसले, आत पहिल्यांदा डोळा कुठे गेला, कशाची भीती वाटली. त्यांचं एक वाक्य मी कितीदा ऐकलं असेन : "ठेच लागली की लोक पायाला शिव्या देतात, दादा. मी दगड बघतो." माणूस आणि कॉम्प्युटर यांचं एकमेकांशी जमतं का, हा त्यांचा विषय. त्या विषयाला मराठीत मोठं जडजंबाल नाव आहे. ते म्हणायचे, ते नाव वापरायलाच अवघड आहे, म्हणून मी वापरत नाही.

त्यांनी पीएच.डी.साठी हाच विषय घेतला, आपल्या कारागिरांच्या हाताला यंत्राचं बटण का जमत नाही. माझी पेटी आणि माझ्या ओळखीच्या दोन शेड. मी सरळ सांगतो, मी धर्म म्हणून नाही, मतलब म्हणून हो म्हटलं. पेटी सुधारली तर मला हवीच होती.

या कामाची परदेशी पुस्तकांत एक रीत आहे म्हणे. माणसाला यंत्र द्यायचं, आणि काम करता करता मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं. सर पहिल्या दिवशी टेपरेकॉर्डर घेऊन शेडमध्ये आले. चोवीस माग एकदम चालू. टेपमध्ये फक्त खडखडाट भरला. ज्याने लूमची शेड आतून पाहिली नाही त्याला सांगतो, तिथे माणूस स्वतःचा खोकलासुद्धा ऐकू शकत नाही. बायका ओठांवरून बोलणं ओळखतात, पुरुष हाताच्या खुणा करतात. सर दोन दिवस नुसते हातांच्या खुणा बघत राहिले. तिसऱ्या दिवशी लोडशेडिंग झालं, शेड एकदम थंड पडली, आणि सर उठले. कारागिराला बंद मागाशी उभं केलं. "मघाशी धागा तुटला तेव्हा काय केलंत? पुन्हा करून दाखवा. आता बोलत बोलत." माग चालू असेपर्यंत सर फक्त बघायचे आणि खुणा टिपायचे, वीज गेली की त्यांचं कॉलेज भरायचं. अख्खी भिवंडी लोडशेडिंगला शिव्या द्यायची. हा एकटा माणूस वेळापत्रक खिशात घेऊन फिरायचा.

अंधाऱ्या शेडमध्ये कारागीर मोकळे बोलायचे. सरांच्या वहीतले नऊ नंबरवाले चाचा म्हणाले, "साहब, ये लाल बटन मालिक का आदमी है. जब हाथ खाली हो तब कभी काम नहीं पड़ता इसका." सगळे हसले. सरांनी हसत हसत शब्द न् शब्द लिहून घेतला; तीन वर्षांत अशा सात वह्या भरल्या. नऊ नंबर कोपराने बटण दाबायचे, कारण दोन्ही चिमटींत धागा. त्यावरून सरांनी मला दोन बटणांऐवजी एक रुंद पट्टी करायला सांगितली, कोपराने ढकलली की काम झालं. पेट्या परत येणं बंद झालं. आज काल्हेरला माझा गाळा आहे तो त्या पट्टीवर. सरांनी माझ्याकडून चहाशिवाय काही घेतलं नाही.

नावं त्यांनी कुठेच लिहिली नाहीत. मला धरून अकरा माणसं, अकरा नंबर. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला सांगितलं होतं, तुमचं नाव या वहीबाहेर काय, वहीतसुद्धा येणार नाही. कारण कोण किती चुकतो हे शेठला कळलं तर दुसऱ्या दिवशी त्याचा माग दुसऱ्याला. आणि शेठबद्दल ते जे बोलले होते ते वेगळंच.

आता सरांच्या कोंडवाड्याबद्दल. कॉलेजने नोकरीवर घेताना त्यांची पदवीची मूळ प्रमाणपत्रं कपाटात ठेवून घेतली होती. सोडून जायचं तर कपाट उघडायला हवं, आणि कपाट उघडायचं तर संस्थाचालकांची मर्जी. पीएच.डी. झाल्याशिवाय बढती नाही. पीएच.डी. गाईडच्या सहीशिवाय नाही. गाईड मुंबईचा, मोठ्या नावाचा. त्याचे पेपर सर तपासायचे, त्याच्या भाषणांचे स्लाइड सर करायचे, यातच पाच-सहा वर्षं गेली. मी म्हटलं, गाईड बदला. सर म्हणाले, "गाईड बदलायच्या अर्जावर गाईडचीच सही लागते."

मी घरी हे सांगितलं तर आमची बायको भाकरी थापता थापता थांबली. "एवरा शिकेल मानूस हाय, न त्याला एक सही मिलत न्हाय?"

एकदा मीही त्यांच्याबरोबर गाईडकडे गेलो. केबिनबाहेरच्या बाकावर चार तास बसलो. गाईड बाहेर आला आणि म्हणाला, "अरे भालेराव, तुम्ही अजून आहात?" मी उठणार होतो, सरांनी माझा गुडघा दाबून धरला. मी भंगारवाल्याशी, शेठशी, वीज मंडळाच्या वायरमनशी घासाघीस केलीय. दोन्ही बाजूंना काहीतरी माल असतो म्हणून घासाघीस होते. इथे सगळा माल एकाच्या हातात. मला तिथे पहिल्यांदा कळलं की घासाघीस करता येणं हीसुद्धा एक श्रीमंती आहे.

त्या दिवशी गाईडने सातही वह्यांच्या झेरॉक्स मागून घेतल्या. "बघतो, मग प्रबंध लिहायला घ्या." वर्ष गेलं. बघून होईना. मग एका परदेशी परिषदेच्या पुस्तकात गाईडचा निबंध आला. लेखक एकच. भिवंडीची शेड, अकरा कारागीर, तेच तक्ते, क्रमांक एकच्या आठ चुकांसकट. माझ्या चुकासुद्धा त्याने चोरल्या.

मी तो निबंध डिक्शनरी घेऊन चार रविवार बसून वाचला. शेवटी लिहिलं होतं, कारागीर अशिक्षित असल्यामुळे बटणं चुकतात, त्यांना प्रशिक्षण द्यावं. सरांना चोरीपेक्षा हे जास्त लागलं. "दादा," ते म्हणाले, "दगड सोडून यांनी परत पायालाच शिव्या दिल्या." आणि आता सरांनी स्वतःचा प्रबंध दिला असता तर तक्ते आधीच छापलेले; चोर सरच ठरले असते.

त्यांनी तक्रार केली. विद्यापीठाने तिघांची समिती नेमली. सरांनी निबंधातली एक ओळ दाखवली. गाईडने लिहिलं होतं की माग चालू असताना कारागीर मोठ्याने बोलत होते आणि ते ऐकून नोंदी घेतल्या. सर म्हणाले, "ज्याने हे लिहिलं तो त्या शेडमध्ये कधीच आलेला नाही." अध्यक्ष म्हणाले, "त्यांनी जरा मोठ्याने बोलायला सांगितलं असेल." बाकीचे दोघे हसले. हे मला सरांनीच सांगितलं, तोंड वाकडं न करता.

मग समितीने मागितली ती गोष्ट साधी होती : अकरा जणांची नावं, पत्ते, सह्या. ती दिली तर काम तुमचं हे मान्य.

मी खूश झालो. म्हटलं, मी आहेच, बाकी दहाच्या दहा टेम्पोत घालून आणतो. सर म्हणाले, "नाही."

"का नाही? सगळे येतील. तुमच्यासाठी रात्रपाळी सोडून येतील."

"येतील, म्हणूनच नाही. कागद शेठपर्यंत पोचायला किती दिवस लागतात?"

"अहो, तुमची दहा वर्षं गेली! कोण बघतंय तुमचा शब्द?"

"ते दहा जण बघतायत."

मी ओरडलो. भर रस्त्यात, मला आठवतं, मी त्यांना मूर्ख म्हणालो. सर म्हणाले, "दादा, मी यंत्र बनवणाऱ्यांना सांगतो, परत यायचा रस्ता नसेल तर माणसाला आत बोलवू नये. यांना मी आत बोलावलंय. माझा रस्ता बंद झाला म्हणून त्यांचा करू?"

मी एकटाच समितीकडे गेलो. म्हटलं, मी क्रमांक एक, माझं नाव मी स्वतः देतो. कारकुनाने विचारलं, "पेटी तुम्हीच बनवता ना? मग तुमचा हितसंबंध आला." साक्ष घेतली नाही. तक्रार पुराव्याअभावी निकाली. सरांच्या पीएच.डी.च्या नोंदणीची मुदत संपली. गाईडला पुढच्या वर्षी मोठं पद मिळालं.

आणखी दोन वर्षं सर त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना तेच ते शिकवत राहिले. शेडमध्ये येईनासे झाले. वीज गेली की नऊ नंबरवाले चाचा विचारायचे, "मास्टर साहब नहीं आए?" शेवटी कॉलेजनेच माणसं कमी केली तेव्हा कपाट उघडलं. प्रमाणपत्रं घेऊन सर मराठवाड्यात एका छोट्या तंत्रनिकेतनात गेले. जायच्या आदल्या दिवशी वर्कशॉपवर आले, सात वह्या टेबलावर ठेवल्या. "यातली माणसं इथली आहेत. वह्या इथेच राहू देत. नावं सांगू नका. कुणाचंच." मी विचारलं, गाईडचंही? म्हणाले, "कुणाचंच म्हणजे कुणाचंच." मग हात जोडून निघून गेले. आता वर्षातून एक फोन येतो. अभ्यासाचं विचारलं की हवापाण्यावर जातात.

नावं मी देत नाही. पण प्रश्न विचारायला मला कुणी बंदी घातलेली नाही. ज्याने तो निबंध आपल्या नावावर छापला, आणि ज्यांनी हसून तो खरा मानला, त्या चौघांनी भिवंडीला यावं. चोवीस माग मी चालू करून देतो. त्यांनी आपल्या आवडीचा कारागीर निवडावा, त्याला हवं तेवढं मोठ्याने बोलायला सांगावं, आणि तो काय म्हणाला ते मला बाहेर येऊन सांगावं. सांगता आलं तर मी हा लेख मागे घेतो, माफी मागतो. नाही सांगता आलं तर एका माणसाची दहा वर्षं कुणी घेतली आणि अकरा माणसांना अडाणी कुणी ठरवलं, त्याचं उत्तर त्यांनी लेखी द्यावं, खाली स्वतःच्या नावाची सही करून.