विहिरीचा दम समुद्रात

शिरूरच्या डॉक्टरांनी माझ्या छातीचा एक्स-रे खिडकीच्या उजेडाकडं धरला. मग म्हणाले, "आबा, तुमचं डावं फुप्फुस फाटलंय. न्यूमोथोरॅक्स म्हणतात याला."

मी म्हणालो, मराठीत सांगा.

"फुप्फुसाला भोक पडून हवा बाहेर आलीय. ती बरगड्यांच्या आत कोंडलीय आणि फुप्फुसालाच दाबतीय. बिडी ओढता?"

"न्हाई. दमावर पोट भरणारा माणूस हाय मी."

"मग उंचावरून पडलात?"

"न्हाई. खालनं वर आलो."

डॉक्टरांना वाटलं म्हातारा थट्टा करतोय. थट्टा नव्हती. कसं झालं ते सांगतो. कुणाला पुढंमागं असला प्रसंग आलाच तर उपयोगी पडंल.

मी न्हावऱ्याचा. शाळा चौथीपर्यंत. धंदा विहिरीत बुडी मारायचा. मोटरीच्या पाईपाला तळाशी फुटवाल असतो, त्यात गाळ, शेवाळ अडकतं आणि मोटर पाणी उचलत नाही. मग आजूबाजूच्या गावांतून मला बोलावणं यायचं. चार परस, म्हणजे चार पुरुष खोल पाणी असलं तरी छातीत दम भरायचा, खाली जायचं, काम करायचं, वर यायचं. वर तोंड निघेपर्यंत दम सोडायचा नाही, हा आमचा कायदा. पाण्यात ज्यानं दम सोडला तो गेला, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं.

माझ्या कमरेला दोर असायचा. त्याचं दुसरं टोक बायकोच्या, पारूच्या हातात. ती कठड्यावर पाय सोडून बसायची. एक झटका दिला की समजायचं बरं चाललंय. दोन दिले की ओढायचं. लोक म्हणायचे, "बायकूनं दावणीला बांधलाय बैल." ती वरून म्हणायची, "बैल गुणाचा हाय, पर सोडला तर लोकाच्या पिकात जातोय."

पारू गेली. कशानं गेली ते इथं लिहीत नाही, ते दुखणं वेगळं. त्यानंतर मी विहिरीवर गेलो नाही. घरात बसून राहिलो. लेकीनं धरून मालवणला नेलं. जावई मूळचे यवतचे, पण तिकडं पर्यटकांना समुद्राखाली नेणाऱ्या बोटीवर नोकरीला. पाठीला हवेची टाकी, तोंडात नळी. स्कूबा डायव्हिंग म्हणतात त्याला, म्हणजे टाकीतली हवा घेत पाण्याखाली राहायचं.

मीच म्हणालो, मलाबी न्या. समुद्र बघायची हौस नव्हती. पाण्याखाली घरातल्यासारखं रिकामं वाटत नाही, म्हणून.

जावयानं किनाऱ्याजवळ कमरेएवढ्या पाण्यात शिकवायला घेतलं. "मामा, पयली गोष्ट. श्वास कवाच रोखायचा न्हाई. घ्यायचा, सोडायचा, सारखा. दुसरी, समुद्रात पाणी वाहतं असतंय. ओढ लागली तर तिच्याशी भांडू नका. तिच्यासंगं जावा, मला खूण करा. बोट आपल्यामागं येती. तिसरी, वर येताना आपलेच बुडबुडे आपल्यापुढं गेले पाहिजेत. त्यांना मागं टाकलं तर चुकलं."

मी म्हणालो, "जावईबापू, तुमच्या जन्माआधीपासनं मी पाण्याखाली जातोय."

"व्हय मामा, पर ते पाणी जागेवर हुतं," ते म्हणाले.

उथळ पाण्यात सगळं जमलं. मग बोटीनं नेलं, नांगराच्या दोराला धरून खाली उतरलो. खडकांवर रंगीत मासे. जावई शेजारीच. मी दोर सोडून जरा पुढं गेलो आणि ओढ लागली. विहिरीच्या माणसाला हे ठाऊकच नसतं. विहिरीत पाणी माणसाला कुठं नेत नाही. खडक पायाखालून सरकायला लागले. जावई हातानं सांगत होते, माझ्याकडं बघा, माझ्याकडं बघा. मी वर बघितलं. मदत वरच असते, हे जन्मभर अंगात मुरलेलं. कमरेला हात लावला, दोर नव्हता.

मग मी आमच्या कायद्यानं वागलो. छातीभर दम घेतला, तोंड मिटलं आणि सरळ वर सुटलो. जावयानं पाय धरायला बघितला, तो निसटला. माझे बुडबुडे नव्हतेच, मागं टाकायचा प्रश्न नव्हता.

वर आलो तेव्हा छातीत काहीतरी टचकन झालं. बोटीवर जावयानं दोनदा विचारलं, "मामा, दुखतंय का? डॉक्टरकडं जाऊ." मी म्हणालो, चमक भरलीय. त्यांच्या नोकरीवर बालंट नको म्हणून गप्प बसलो आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं गाव गाठायला निघालो. आवाज चिरका झाला होता. गळ्याजवळ बोट दाबलं की कातडीखाली कोरड्या वाळूसारखी करकर. घाट चढताना तर श्वास पुरेना.

हे सगळं ऐकून डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. त्यांनी समजावलं ते असं. विहिरीत मी वरची हवा छातीत घेऊन जातो. ती खाली दबते, वर आलं की परत होती तेवढीच होते. टाकीतली हवा मात्र खालीच, दाबानं आत आलेली असते. वर येताना ती फुगते. तोंड मिटलेलं असलं की जाणार कुठं? फुप्फुस फाडते. "आणि घाटात उंचीवर कोंडलेली हवा अजून फुगते. तुम्ही वाचलात हे नशीब."

मग आयसीडी घातली. म्हणजे बरगड्यांच्या मधून छातीत नळी, आणि तिचं दुसरं टोक खाटेखाली पाण्याच्या बाटलीत. श्वास सोडला, खोकलो की बाटलीत बुडबुडे. "बुडबुडे थांबले की भोक बुजलं समजायचं," डॉक्टर म्हणाले. बाटली छातीच्या वर उचलायची नाही, नळी पिळायची नाही, एवढं ध्यानात ठेवा. नळी घालताना दुखतं. दुखत नाही म्हणणारा खोटं बोलतो.

शेजारच्या खाटेवर दम्याचा एक म्हातारा होता. रात्रंदिवस बाटलीचा आवाज ऐकून म्हणाला, "पाव्हणं, हुक्का झ्याक हाय तुमचा. धूर तेवढा न्हाई."

आत चेंडूसारख्या तीन गोळ्या असलेलं एक प्लास्टिकचं यंत्र दिलं. स्पायरोमीटर, म्हणजे श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायच्या. चार परस पाणी मापणारा मी, एक गोळी उचलताना घामाघूम.

मालवणहून लेक आली. जावई दाराशी उभे, मान खाली. मी त्यांना आत बोलावून सांगितलं, तुम्ही बरोबर शिकवलं, मी ऐकलं नाही. लेक खाटेशी बसली. मी कुशीवर वळताना नळी ओढली जाऊ नये म्हणून ती दोन्ही हातांत अलगद धरून बसायची. एका दुपारी डोळे उघडले, तर तिची बसायची तऱ्हा पारूचीच, तसेच हात, नजर नळीवर. पारू जाताना मी रडलो नव्हतो. तेव्हा रडलो. खाली बाटली नुसती उसळली.

"आबा, रडू नका, भोक उघडंल."

शेजारचा म्हातारा म्हणाला, "रडू दे की गं त्याला. ते कोंडलेलंबी निघंल बाहेर."

पुढं एके सकाळी बाटलीतलं पाणी शांत होतं. पुन्हा एक्स-रे झाला, नळी काढली. निघताना डॉक्टरांनी बजावलं, "आबा, टाकी नाही, विहीरही नाही. पुन्हा फाटलं तर मी भेटेन याची खात्री नाही. आणि दम रोखायचा नाही." धंदा गेला. नळी काढतानापेक्षा ते जास्त लागलं. घरी येऊन परत तसाच बसून राहिलो असतो.

पण उन्हाळ्यात चुलतभाऊ बबन आला. त्याच्या मोटरीनं पाणी उचलायचं सोडलं होतं. म्हणाला, "दादा, मी उतरतो. तू नुसता दोर धर." मी गेलो. पारू बसायची तिथंच, कठड्यावर पाय सोडून बसलो. बबन खाली गेला, पाणी मिटलं. दोर ढिला. वरून काहीच दिसत नाही. हिरवं पाणी आणि आपलं तोंड त्यात. जन्मभर मला वाटायचं, कष्ट खाली असतात.

बऱ्याच वेळानं हातात एक झटका आला. तेव्हा कळलं, बबनबरोबर मीही दम धरला होता. डॉक्टरांनी मला दम रोखू नका म्हणून बजावलं तरी होतं. पारूला कधी कुणी बजावलंही नव्हतं.